अ‍ॅस्टरचे खर्ड्यातले सोयरे

भाद्रपदात पावसाने चार-सहा दिवस उघडीप दिली की खर्ड्याच्या किल्ल्याभोवतीचा माळ पिवळ्या फुलांनी भरू लागतो. सुलतानजी निंबाळकरांनी १७४३ मध्ये बांधलेला हा भुईकोट. मार्च १७९५ मध्ये मराठ्यांशी लढताना माघार घेतलेल्या निजामाने याच कोटात आसरा घेतला होता. त्यामुळे इतिहासाची आवड असलेली मंडळी इथे येतात, दरवाजा आणि तटबंदी पाहतात आणि जामखेडच्या रस्त्याला लागतात. मी येतो तो तटाबाहेरच्या मुरमाड जमिनीसाठी. बालाघाटाच्या या अंगाला पाऊस जेमतेम, पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरातला. माती पातळ आणि तिच्याखाली लगेच काळा पाषाण. अशा जमिनीत जे फुलते, ते बरेच काही सोसून फुललेले असते.

त्या दिवशी कुसळी गवतात गुडघाभर उंचीची, सडपातळ अंगाची झुडपे सर्वत्र उभी होती. प्रत्येक बारीक दांड्याच्या टोकाला एक पिवळे फूल, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. मी एक खुडले, पालथे केले आणि भिंग डोळ्याला लावले. शेरडे राखणारे एक वयस्क गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"काय गवसलं का, पाव्हणं?"

"फूल बघतोय, मामा. याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

"पिवळं फूल. दुसरं काय म्हणायचं?" थोडे थांबून ते म्हणाले, "पन पालथं करून काय बघताय? फूल तर वरच्या अंगाला हाय."

मी त्यांना काहीतरी उत्तर दिले, पण ते पुरेसे नव्हते हे मला तेव्हाच कळले होते. पुरेसे उत्तर द्यायला हे सगळे प्रकरण लागणार आहे.

वरच्या अंगाला जे दिसते ते एक फूल नसतेच, तो फुलांचा मेळा असतो. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, करडई आणि माळावरचे हे पिवळे फूल ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या कुळाची खूण अशी की, देठाच्या टोकाला एक पसरट बैठक तयार होते आणि तिच्यावर दहा-वीसपासून शेकड्यापर्यंत चिमुकली फुले दाटीवाटीने बसतात. या प्रत्येक चिमुकल्या फुलाला पुष्पक म्हणतात आणि सगळ्यांच्या मिळून बनलेल्या गुच्छाला स्तबक. आपण 'पाकळी' म्हणून जी ओढून काढतो ती खरे तर एक अख्खे पुष्पक असते. तिच्या बुडाशी बारीकसा बीजांडकोश असतो, आणि नीट पाहिले तर मधून दोन शेंडे असलेली एक तार वर आलेली दिसते. कडेच्या या पट्टीसारख्या पुष्पकांना किरणपुष्पके म्हणतात. मधल्या गोल भागातली नळीच्या आकाराची पुष्पके म्हणजे बिंबपुष्पके. या कुळाच्या काही शाखांमध्ये सगळीच पुष्पके नळीची असतात, उदाहरणार्थ सहदेवी. काहींमध्ये सगळीच पट्टीची असतात, जसे आपल्या रानभाजीतल्या पाथरीत. उटकटारीने तर याहून पुढची मजल मारली आहे. माळावरचा तिचा काटेरी चेंडू बघितलात तर त्यातले प्रत्येक निळसर-पांढरे फूल म्हणजे एकाच पुष्पकाचे स्वतंत्र स्तबक असते. अशी अनेक स्तबके एकत्र येऊन तो चेंडू बनतो. मेळ्यांचाच मेळा.

या कुळाला पूर्वी कंपॉझिटी, म्हणजे 'संयुक्त फुलांचे', म्हणत. आता अ‍ॅस्टरेसी म्हणतात. दोन्ही नावे नियमाने चालतात. पंचवीस ते बत्तीस हजार जाती आणि सोळाशेहून अधिक प्रजाती असा या कुळाचा पसारा आहे. फुलणाऱ्या वनस्पतींमधल्या सर्वांत मोठ्या दोन कुळांपैकी हे एक, दुसरे ऑर्किडचे. (मराठी वनस्पतिशास्त्रात 'जाती' हा सर्वांत लहान गट आणि 'प्रजाती' हा जातींचा गट. बोलण्यात या दोन शब्दांची नेहमी अदलाबदल होते, म्हणून हा खुलासा.)

कुळाला अ‍ॅस्टरचे नाव मिळाले आहे. ग्रीक भाषेत अ‍ॅस्टर म्हणजे तारा, आणि वैदिक संस्कृतातला 'स्तृ' हा ताऱ्याचा शब्द त्याच मुळाचा. शहरातून आलेली मंडळी खर्ड्याच्या माळावरच्या पिवळ्या फुलाला सरसकट 'रानटी अ‍ॅस्टर' म्हणतात. गोल बिंब, भोवती किरणे, एका दांड्यावर एक फूल. म्हणणाऱ्याचा दोष नाही, दिसते तसेच. प्रश्न एवढाच की, ते खरोखर अ‍ॅस्टर आहे का? आणि नसेल तर या माळावर अ‍ॅस्टरचे कोणी सख्खे राहते का?

ओळख पटवायला सुरुवात करायची ती फुलापासून नव्हे, पानापासून. खर्ड्याच्या या झुडपाची पाने खोडावर एकाआड एक येतात. त्यांना देठ नसतो आणि पानाच्या तळाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखे दोन भाग असतात, ते खोडाला धरून बसतात. ही खूण मनात पक्की ठेवा. हे झाले की वाटेवरची सगळ्यात मोठी फसगत टळते. ती फसगत म्हणजे एकदांडी, जिला दगडीपालाही म्हणतात आणि जी खरचटल्यावर लावायची गावोगाव रीत आहे. तीही लांब दांड्यावर एकच फूल धरते, पण तिची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि तिच्या कडेच्या मोजक्या, फिकट पुष्पकांना टोकाशी तीन दाते असतात.

आता मामांच्या प्रश्नाकडे. फूल पालथे करून बघायचे असते ते स्तबकाखालचा हिरवा पेला. याला छदमंडल म्हणतात. बारीक हिरव्या छदांचा हा घेर या कुळाच्या वर्गीकरणात अतिशय बोलका असतो, आणि वरून बघणाऱ्याला तो दिसतच नाही. आमच्या झुडपात हे छद अरुंद, टोकदार आणि अनेक ओळींत एकावर एक बसलेले असतात. बाहेरचे आखूड, आतले लांब, कौलारू छपरासारखे.

हे का महत्त्वाचे ते माझ्या एका चुकीतून सांगतो. या माळावरचा पहिला नमुना मी कागदात दाबला तेव्हा त्यावर 'सोनकी' असे लिहिले होते. सोनकी माझ्या ओळखीची. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोल्याकडे, हरिश्चंद्रगडावर सप्टेंबरात तिने अंगभर पिवळे पांघरलेले असते. रंग तोच, महिना तोच, आणि नावातही सोने. पण सोनकीचे फूल उलटे केले की छद एकाच ओळीत, एकाच उंचीचे, कुंपणाच्या पट्ट्यांसारखे उभे दिसतात. फार तर बुडाशी दोन-चार चिमुकले छद असतात. तिची किरणे मोजकी आणि रुंद, खालची पाने देठाची. खर्ड्याच्या फुलाची किरणे पुष्कळ आणि अरुंद असतात. सोनकी डोंगरमाथ्याच्या धुक्यात आणि भरपूर पावसात रमते. हे झाड उन्हाच्या झळा सोसत मुरमावर उभे राहते. मी रंग बघून नाव ठेवले होते. पालथे करून बघितले असते तर चुकलो नसतो. तो कागद मी अजून ठेवला आहे. त्यावरचे 'सोनकी' खोडून खाली बरोबर नाव लिहिले आहे.

बरोबर नाव आहे सोनकडी.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे अनेक वर्षे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ पासून भागाभागाने निघाला. त्यात वनस्पतींची देशी नावेही जागोजाग नोंदलेली आहेत, आणि सोनकडी हे नाव तिथे भेटते. मला हे फार मोलाचे वाटते. शास्त्रीय नावे बदलली, सोनकडी मात्र तशीच राहिली.

आणि शास्त्रीय नावे बदलली ती किती! लिनियसने १७६३ मध्ये तिला 'इन्यूला इंडिका' म्हटले. १८२९ मध्ये फ्रेंच वनस्पतिज्ञ कासिनी याने 'विकोआ' ही नवी प्रजाती मांडली आणि पानांच्या कानांवरून 'विकोआ ऑरिक्युलाटा' असे नाव दिले. कुक यांच्या ग्रंथात ती याच नावाने आहे. दरम्यान १८३४ मध्ये द कांदोल याने लिनियसचा जुना शब्द जोडून 'विकोआ इंडिका' केले होते. १९६५ मध्ये चीनमधल्या एका अभ्यासकाने तिला 'पेंटानेमा' या प्रजातीत नेले. त्यामुळे आजच्या अनेक पुस्तकांत ती 'पेंटानेमा इंडिकम' म्हणून दिसते. गेल्या काही वर्षांत डीएनएचा अभ्यास झाला तेव्हा ती पेंटानेमाच्या मूळ जातीपासून बरीच लांब असल्याचे दिसले, आणि 'विकोआ इंडिका' हे नाव पुन्हा वर आले. विद्यार्थ्यांना या बदलांचा वैताग येतो. मला तो येत नाही. नाव बदलते तेव्हा कोणीतरी त्या झाडाकडे आधीच्यापेक्षा बारकाईने पाहिलेले असते. या झाडाकडे अडीचशे वर्षे लोक पाहत आले, रसायनशास्त्रज्ञांनीसुद्धा. तिच्यातून मिळालेल्या संयुगांना 'विकोलाइड' असे नाव पडले ते तिच्याच प्रजातीच्या नावावरून.

कासिनीबद्दल थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आंरी कासिनी हा पेशाने न्यायखात्यातला माणूस. त्याचे घराणे मात्र खगोलशास्त्रज्ञांचे. शनीच्या कड्यांमधली काळी फट शोधणारा जोव्हानी दोमेनिको कासिनी हा त्याचा खापरपणजोबा, आणि मधल्या तिन्ही पिढ्या पॅरिसच्या वेधशाळेशी बांधलेल्या. या पाचव्या पिढीच्या मुलाने आकाशातल्या ताऱ्यांऐवजी ताऱ्यासारख्या फुलांचा ध्यास घेतला. १८१२ पासून त्याने या कुळावर निबंधांमागून निबंध वाचले, आणि पहिलाच निबंध होता तो फुलातल्या कुक्षिवृंतावर, म्हणजे त्या दोन शेंडे असलेल्या तारेवर. रंग, किरणे, उंची ही सगळी वरवरची लक्षणे परिस्थितीनुसार बदलतात, पण तारेच्या दोन शेंड्यांची घडण शाखेशाखेत ठाम असते, हे त्याने ओळखले. या आधारावर त्याने कुळाच्या शाखा पाडल्या. त्यातल्या कित्येक आज दोनशे वर्षांनंतरही, डीएनएच्या कसोटीला उतरून, जवळपास तशाच आहेत. १८३२ मध्ये पटकीने त्याचा अंत झाला. हजारो किलोमीटर दूरच्या माळावर त्याच्या पद्धतीने आजही फूल ओळखता येते, याहून मोठा मान अभ्यासकाला कोणता?

त्याच्या पद्धतीने सोनकडीचे एक बिंबपुष्पक उघडून पाहू. यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते, आणि घरी आणून पाण्यात भिजवून सूक्ष्मदर्शीखाली ठेवले तर उत्तमच. आतले पाच परागकोश एकमेकांना चिकटून नळी बनवतात. तार त्या नळीतून पराग ढकलत वर येते. हे या सगळ्या कुळाचे वैशिष्ट्य. आता परागकोशांच्या खालच्या टोकाकडे बघा. सोनकडीत त्यांना शेपट्या असतात. बारीक, टोकदार, खाली लोंबणाऱ्या. खऱ्या अ‍ॅस्टरमध्ये त्या नसतात, तिथे परागकोशाचे बूड बोथट असते. अ‍ॅस्टरच्या शाखेत तारेच्या शेंड्यांना त्रिकोणी, केसाळ टोपी असते. सोनकडीच्या शेंड्यांना तशी टोपी नाही, त्यांची टोके गोलसर.

म्हणजे निकाल लागला. सोनकडी अ‍ॅस्टरच्या शाखेतली नाही. ती इन्यूलाच्या शाखेतली आहे. लिनियसने तिला पहिल्यांदा इन्यूला म्हटले ते या अर्थी फारसे चुकले नव्हते. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षात इन्यूलाची शाखा सूर्यफुलाच्या मोठ्या गटाशेजारी येते. म्हणून खर्ड्याच्या माळावरचा हा 'रानटी अ‍ॅस्टर' अ‍ॅस्टरपेक्षा शेजारच्या शेतातल्या सूर्यफुलाच्या अधिक जवळचा आहे.

फळांवरूनही खात्री करून घेता येते. या कुळात प्रत्येक पुष्पकाचे एकच बी असलेले सुके फळ बनते आणि त्याच्या डोक्यावर बहुधा केसांचा पिसारा असतो. लहानपणी आपण 'म्हातारी' म्हणून फुंकर मारून जी उडवतो तिच्यासारखाच, फक्त खूप लहान. सोनकडीच्या बिंबातल्या फळांना असा नाजूक पिसारा असतो. कडेच्या फळांना मात्र तो बहुधा नसतोच. एकाच स्तबकात दोन तऱ्हेची फळे. मधली वाऱ्यावर जाऊ शकतात, कडेची तिथेच आईच्या पायाशी पडतात. पाऊस बेभरवशाचा असलेल्या मुलखात या दुहेरी व्यवस्थेचा उपयोग होत असावा असे मला वाटते. सोनकडीशी गोंधळ होऊ शकेल अशी आणखी एक, तिच्याच शाखेतली, पुलिकारिया नावाची मंडळी आहे. तिच्या फळावर दुहेरी पिसारा असतो, बाहेर आखूड खवल्यांचे कडे आणि आत केस. म्हणून एक तरी पिकलेले स्तबक बरोबर घेतल्याशिवाय मी नाव लिहीत नाही.

मग खरा अ‍ॅस्टर कुठे? दसऱ्याच्या बाजारात जांभळी, गुलाबी, पांढरी अ‍ॅस्टरची फुले ढिगाने येतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गणेशखिंडीच्या केंद्रातून काढलेले 'फुले गणेश' मालिकेतले वाण याच पिकाचे. पण हे पीकही खरे अ‍ॅस्टर नाही. लिनियसने १७५३ मध्ये त्याला 'अ‍ॅस्टर चायनेन्सिस' म्हटले होते, पुढे त्याला 'कॅलिस्टेफस' या वेगळ्या, एकट्याच जातीच्या प्रजातीत ठेवले गेले. चीनमधून पॅरिसला आणि तिथून जगभर गेलेले हे फूल अ‍ॅस्टरच्या शाखेतले खरे, पण त्या प्रजातीतले नाही. अमेरिकेतल्या रानात शरद ऋतूत फुलणाऱ्या शेकडो 'अ‍ॅस्टर' जातींचेही तेच झाले. गाय नेसम या अभ्यासकाने १९९४ मध्ये त्या बहुतेक सगळ्या अ‍ॅस्टरमधून काढून वेगवेगळ्या प्रजातींत वाटून दिल्या, कारण त्यांचे मूळ अमेरिकेतच वेगळे वाढले होते. अ‍ॅस्टर हे नाव उरले ते मुख्यतः युरोप-आशियातल्या जातींना. भारतात ते भेटतात हिमालयाच्या उतारांवर. खर्ड्याच्या माळावर अ‍ॅस्टर प्रजातीची एकही रानटी जाती उगवत नाही.

त्याचे नातेवाईक मात्र इथे आहेत. ते शोधायला सप्टेंबरात येऊन उपयोग नाही.

जानेवारीच्या शेवटी मी पुन्हा आलो तेव्हा माळावर सोनकडीचे करकरीत सांगाडे उभे होते. गवत कापून नेलेले, ज्वारी हुरड्याच्या पलीकडे गेलेली. दुष्काळाच्या वर्षांत या तालुक्यांमधून रोजगार हमीवर पाझर तलाव खोदले गेले, त्यांतल्या एकाच्या पात्रात उतरलो. पाणी मागे सरकले होते आणि गाळाला भेगा पडू लागल्या होत्या. त्या भेगाळलेल्या ओलसर गाळावर, मध्यापासून चहूकडे फांद्या पसरून, जमिनीला चिकटून एक लोकरट रोपटे बसले होते. पाने कातरलेली, टोकाचा भाग सर्वांत मोठा. फांद्यांवर वाटाण्याएवढी पिवळी बटणे. किरण एकही नाही. वरून पाहणारा त्याला अ‍ॅस्टरचा सोयरा म्हणायला धजणार नाही.

ही माशीपत्री. ग्रँजिया मदेरासपटाना. नावातला दुसरा शब्द मद्रासपट्टणावरून आला आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिला आर्टेमिसियात, म्हणजे दवण्याच्या प्रजातीत घातले होते. कातरलेली पाने आणि किरण नसलेली बटणे पाहून कोणीही तेच केले असते. पण पिवळे बटण फोडून भिंगाखाली धरा. बाहेरच्या ओळींत सुतासारखी बारीक मादी-पुष्पके, आत नळीची द्विलिंगी पुष्पके. फळावर लांब केसांचा पिसारा नाही, फक्त काठाला झालर असलेला आखूड पेला. आणि परागकोशांचे बूड बोथट, शेपटीशिवाय. माशीपत्री अ‍ॅस्टरच्याच शाखेतली आहे. त्या शाखेत ग्रँजिया आणि तिच्या जवळच्या प्रजातींचा एक उपगटच तिच्या नावाने ओळखला जातो. बाहेरची मादी-पुष्पके हीच तिची किरणे समजा. पट्टी पसरून मिरवण्याचे काम तेवढे त्यांनी सोडून दिले आहे.

लिनियसचे चुकले, पण फार नाही. आजच्या वंशवृक्षात अ‍ॅस्टरची शाखा आणि दवणा-शेवंतीची शाखा जवळजवळ बसतात. अडीचशे वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाचा अंदाज शेजारच्या घरापर्यंत पोचला होता, याचे मला कौतुक वाटते.

म्हणून खर्ड्यातल्या दोन झाडांची गोष्ट अशी उभी राहते. अ‍ॅस्टरसारखी दिसणारी सोनकडी सूर्यफुलाच्या अंगाची. गाळात बसलेली, कुणाच्या खिजगणतीत नसलेली माशीपत्री अ‍ॅस्टरच्या रक्ताची. दिसणे आणि नाते या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. १९८७ मध्ये जॅन्सन आणि पामर या अमेरिकी संशोधकांनी या कुळाच्या हरितलवकातल्या डीएनएचा एक बावीस हजार अक्षरांचा तुकडा उलटा झालेला शोधला. दक्षिण अमेरिकेतला एक छोटा गट सोडला तर कुळातल्या बाकी सगळ्यांमध्ये तो उलटाच आहे. सोनकडीत तो उलटा, माशीपत्रीत उलटा, शेतातल्या करडईत उलटा. कुळाची सुरुवात दक्षिण अमेरिकेकडे झाली असावी, असे त्यावरून मानले जाऊ लागले. पुढे २०१० मध्ये पॅटागोनियातल्या पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून याच कुळातल्या स्तबकाचा जीवाश्म जाहीर झाला. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. खर्ड्याच्या माळाची जमीन आणि तिच्यावरचे हे कूळ यांच्या वयात अंतर असले तरी दोन्ही कोट्यवधी वर्षांच्या हिशेबातली आहेत.

'इथले' आणि 'बाहेरचे' हा प्रश्न मात्र त्या हिशेबाने सुटत नाही, तो गेल्या पाचशे वर्षांचा आहे. माळावर फुललेले प्रत्येक स्तबक देशी नसते. एकदांडी उष्ण अमेरिकेतून आली. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, आता तो आपल्या तोरणात असा बसला आहे की परका म्हणवत नाही. रस्त्याकडेचा केशरी कॉसमॉसही तिकडचाच. आणि गाजरगवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, त्याची भारतातली नोंद १९५६ मध्ये पुण्याहून झाली. ते आज खर्ड्याच्या पडीक शेतात, बाजाराच्या मैदानात, शाळेच्या कुंपणापाशी सगळीकडे आहे, आणि जिथे ते दाटते तिथे मला सोनकडी सापडत नाही. हे माझे काही वर्षांचे निरीक्षण, शास्त्रीय मोजणी नव्हे. पण अशी मोजणी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

ती होण्यासाठी आधीच्या नोंदी लागतात. या जिल्ह्याच्या वनस्पतींवर प्रधान आणि सिंह यांचा ग्रंथ १९९९ मध्ये आला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा नमुनासंग्रह आहे, डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेचा आहे, मुंबईत सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात ब्लाटर संग्रह आहे. या कपाटांतल्या कागदांवर कुठल्या गावच्या माळावर कुठल्या वर्षी काय फुलले होते ते चिकटवून ठेवलेले असते. साधारण बेचाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरचा एक जाड कागद, त्यावर वाळलेली डहाळी, खाली चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, गाव, जमीन कशी होती, फुलाचा ताजा रंग, लोक काय म्हणतात ते नाव. रंग वाळल्यावर उडतो म्हणून तो लिहायचाच. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे वाळलेला पाला.

मामांच्या प्रश्नाकडे परत येतो. दुसऱ्या खेपेला ते भेटले नाहीत. भेटले असते तर एक सोनकडी त्यांच्या हातात देऊन, तिची कौलारू छपरासारखी हिरवी बाजू त्यांना दाखवली असती आणि म्हटले असते, "मामा, वरच्या अंगाला सगळी सारखीच दिसतात. कोण कोणाचं ते खालच्या अंगाला लिहिलेलं असतं."

खर्ड्याला किल्ला बघायला जाल तेव्हा भाद्रपदात तटाबाहेर अर्धा तास थांबा आणि माघ-फाल्गुनात जवळच्या एखाद्या आटत्या तलावात उतरा. सोनकडी आणि माशीपत्री दोन्ही सापडतील. फूल खुडायचे तर एकच खुडा, एक पिकलेले स्तबक बरोबर घ्या, आणि घरी जाण्याआधी चिठ्ठीवर तारीख आणि जागा लिहून टाका.